माझ्या आवाजातली कटकट

बाबांना अक्षरं दिसेनाशी झाली त्याला आता दोन वर्षं होतील. माणूस दिसतो, दार दिसतं, ताटातली वाटी दिसते, पण अक्षरांवर नजर नेली की तिथे राखाडी डाग. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा आजार म्हणून सांगितलं आणि नवीन चष्म्याने काही होणार नाही, हेही सांगून टाकलं. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून अख्खी नोकरी काढलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर एकच नाद होता, वाचनाचा. म्हणून पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून त्यांना पाठवायची असं मी ठरवलं. हे मी ठरवलं. पुन्हा सांगते आहे, कारण पुढे ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मी बदलापूरला कात्रपमध्ये राहते आणि घरूनच टाइपसेटिंगची, प्रुफं तपासायची कामं करते. बाबा अंबरनाथला, जुन्याच घरात, धाकट्या बहिणीकडे. म्हणजे घर बाबांचं आणि त्यात राहायला आली ती धाकटी, नवऱ्यासकट. पण सगळे 'बाबा धाकटीकडे असतात' असंच म्हणतात आणि दर वेळी मला ते लागतं. ती उल्हासनगरला एका शाळेत शिकवते. सकाळी जाते ती चारला परत येते. तोवर बाबा एकटे. ती दुपार आपली, असं मी धरून चालले होते.

बाबांच्या कपाटातून मी सगळ्यात जाड कादंबरी आणली. अडतीस प्रकरणं. रोज जेवणं झाली की खिडक्या लावून घ्यायच्या, पंखा बंद करायचा, फ्रिजचं बटणसुद्धा बंद करायचं आणि कॉम्प्युटरच्या माइकसमोर घाम पुसत वाचायचं. पहिल्या आठवड्यात पाच प्रकरणं झाली. बाबांनी फोन करून 'छान' म्हटलं. आमच्या बाबांकडून छान मिळायला काय लागतं ते आमच्या आईलाच माहीत होतं.

दुसऱ्या आठवड्यात धाकटीने सुरू केलं. "ताई, तुझं बघून सुचलं मला," असं मोकळेपणाने सांगितलंन, त्यामुळे मला भांडताही येईना. तिने गोष्टींची पुस्तकं घेतली. छोट्या छोट्या गोष्टी, पाच-सात मिनिटांच्या. गॅलरीत झोपाळ्यावर बसून मोबाइलवर वाचायची. मागे कुकरच्या शिट्ट्या, शेजारणीच्या हाका, मध्येच तिची जांभई. 'श' आणि 'ष' तिला कधी वेगळे उच्चारता आले नाहीत. कंटाळा आला की परिच्छेद गाळायची. प्रुफं वाचून वाचून माझा कान असा झालाय की गाळलेली ओळ मला पुस्तक समोर नसताना कळते. आणि तरीही तिचा आवाज स्वच्छ यायचा, पाण्यासारखा. तिचं ऐकताना मला जळफळाट व्हायचा, आणि ऐकल्याशिवाय राहवायचंही नाही.

लहानपणापासून हे असंच आहे. ती गोड आणि मी कटकटी. हे घरातले शिक्के होते. ती दप्तर विसरली तर वेंधळी पण गोड, आणि मी दप्तराची आठवण केली तर 'झाली हिची कटकट सुरू'. पन्नाशी आली तरी हे शिक्के पुसले गेलेले नाहीत.

तर, एके दिवशी बाबांचा व्हॉइस मेसेज आला. आठवं प्रकरण ऐकून झालं होतं. "प्रकरण चांगलंय. पण कटकट फार होतेय गं. जरा बघ." एवढंच.

मी तो मेसेज चार वेळा ऐकला. कारण मला लगेच कळलं त्यांना काय म्हणायचंय ते. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी दोन वाक्यं बोलायचे: "बाबा, प्रेशरची गोळी घेतलीत का? पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसा." शेवटी सांगायचे की आता उठून चार पावलं चाला. हीच कटकट. धाकटीच्या रेकॉर्डिंगमध्ये असलं काही नसतं, ती एकदम 'एका गावात' म्हणून सुरू होते. दुपारभर घामाघूम होऊन वाचायचं आणि वर हे ऐकायचं. तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना उलट उत्तर देणं कधी जमलं नाही, म्हणून मी तो राग वाचनात काढला. नवव्या प्रकरणापासून गोळी नाही, पाणी नाही, चार पावलं नाहीत. बातम्या वाचाव्या तसं वाचलं आणि पाठवून दिलं.

अकराव्या प्रकरणानंतर बाबांचा फोन नाही, मेसेज नाही. शेवटी मीच धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "ताई, बाबा हल्ली तुझं लावत नाहीत गं. माझ्याच गोष्टी ऐकतात. त्याच त्याच पुन्हा."

तिने ते हळू आवाजात, माझी कीव करत सांगितलं. हे तिने कुचकटपणे सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आठवडाभर मी माइकला हात लावला नाही. मग आंबोळ्यांचं निमित्त काढून अंबरनाथला गेले. रविवार होता. आंबोळ्या खाऊन झाल्या आणि बाबांनीच विषय काढला. धाकटीला म्हणाले, हिचं अकरावं लाव, मोठ्याने लाव. तिने मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला.

खरी गोष्ट अशी की मी माझं रेकॉर्डिंग कधीच ऐकलं नव्हतं. मला माझा आवाज आवडत नाही. वाचून झालं की फाइल पाठवायची आणि मोकळं व्हायचं. त्यामुळे माझं प्रकरण मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दोन वाक्यं नीट आली. मग कट्. मग कट्-कट्. एक शब्द अर्धा तुटून पुन्हा जोडल्यासारखा आला. बाबा डोळे मिटून बसले होते आणि प्रत्येक कट् ला एक बोट वर करत होते. "ही. ही बघ. ही."

"तुला सांगितलं होतं ना," ते म्हणाले, "कटकट होतेय म्हणून."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. 'मला वाटलं होतं...' असं मी सुरू केलं, आणि धाकटीला सगळं क्षणात कळलं. ती पदरात तोंड घालून हसली. पोट धरून हसली. बाबांना मात्र हसू आलं नाही. ते म्हणाले, "आणि गोळीचं का बंद केलंस? मी त्यावर गोळी घ्यायचो."

तेवढ्यावर मी रडले असते, पण धाकटीसमोर नाही.

बाबांनी मला समजावलं की बिघडलेलं यंत्र चालू ठेवून शेजारी बसणं त्यांना कधी जमलं नाही. गोष्ट कानावर पडते आणि लक्ष सगळं पुढची कट् कधी येते त्यावर. म्हणून अकराव्याला थांबले. दुरुस्त कर, मग बारावं ऐकतो. धाकटी म्हणाली, "ताई, सोड ना तो डबा. माझ्यासारखं मोबाइलवर कर." आणि तिथेच माझा निश्चय झाला की काही झालं तरी मोबाइलवर करणार नाही.

तो डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. जुना आहे. नवी सिस्टिम त्याला पेलेना, तेव्हा मी त्याच्यावर लिनक्स टाकलं. स्वतः, इंटरनेटवर वाचून, एका शनिवारी. आमच्या नातेवाइकांत कोणालाही जमलेलं नाही असं हे माझं एकच काम, आणि घरात त्याचं कौतुक शून्य. धाकटीने मोबाइलवर लाल बटण दाबलं की तिला 'टेक्नॉलॉजी येते'.

पुढचे पंधरा दिवस मी त्या कटकटीच्या मागे लागले. आधी वाटलं विजेचा दोष असेल, म्हणून सोसायटीचा पंप चालू नसताना रेकॉर्ड करून पाहिलं. कट् आली. मग इन्व्हर्टर बंद करून. आली. मग उल्हासनगरला गेले. इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतल्या सिंधी दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक बोटाएवढं साउंड कार्ड काउंटरवर ठेवलं. "दीदी, ये लगाओ. पुराना बाजूला ठेवा. झिकझिक खतम." लावलं. आवाज गोल झाला, भरीव झाला, आणि त्या भरीव आवाजात कट् आणखी स्पष्ट ऐकू यायला लागली.

मग इंटरनेटवर वाचायला बसले. जगभरातली माणसं याच दुखण्यावर एकमेकांना उत्तरं देत बसलेली असतात. त्यातून कळलं ते असं: माइकमधून येणारा आवाज कॉम्प्युटर थोडा थोडा साठवतो. नळाखाली बादली ठेवावी तसं. बादली भरायच्या आत उचलून दुसरी लावायची. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात अडकला आणि उचलायला उशीर झाला की थोडं पाणी सांडतं. ते सांडलेलं म्हणजे कट्. उपाय म्हणजे बादली मोठी करायची. मी सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन आकडा चौपट केला. कट् कमी झाली, गेली नाही. आवाजाच्या चिपला डुलकी लागते म्हणतात, ती डुलकी बंद केली. त्याने सुरुवातीची टुक् गेली, मधली राहिली. प्रोसेसरला सुस्तावू न देता पूर्ण वेगाने चालवलं. पंख्याचा आवाज वाढला, कटकट तिथेच. कधी वीस मिनिटं अगदी स्वच्छ जायची आणि मला वाटायचं जिंकले, आणि मग पाठोपाठ सात-आठ.

या पंधरा दिवसांत धाकटीने एकोणतीस गोष्टी केल्या. मला आकडा माहीत होता.

शेवटी बाबांनाच फोन केला. काय काय केलं ते सांगितलं. त्यांना त्यातलं काही कळलं नसणार, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू दिसेल तो नट आवळत सुटलीयस. आधी आवाज ओळख. खरखर वेगळी, कटकट वेगळी. खरखर घासल्याची. कटकट म्हणजे काहीतरी फेऱ्यात एकदा आपटतंय. आम्ही पुलीवर खडूने खूण करायचो आणि आवाज आला की खूण कुठे आहे ते बघायचो. तुझा फेरा केवढा ते मोज."

"फेरा कुठला बाबा, यात काही फिरत नाही."

"फिरतंच असतं काहीतरी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कादंबरी न उघडता माइकसमोर बसले आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ वाचत राहिले. तीन वाजून एक मिनिट. दहा सेकंद. वीस सेकंद. तीस सेकंद. अर्धा तास. वेडी बाई वाटले असते कोणाला. मग हेडफोन लावला आणि आयुष्यात प्रथमच माझा आवाज नीट ऐकला. तो काही इतका वाईट नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी कट्. कट्-कट्, साधारण मिनिटभर. मग स्वच्छ. तीन वाजून दहा मिनिटांनी कट्. तीन पंधरा. तीन वीस. दर पाच मिनिटांच्या ठोक्यावर, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. बाबा म्हणाले तसा फेरा होता आणि तो पाच मिनिटांचा होता.

घड्याळाच्या ठोक्यावर काम करतो तो एकच प्रकार माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. ठरलेल्या वेळी आपोआप करायच्या कामांची एक यादी असते, आपणच लिहून ठेवायची. ती उघडायला मी हात नेला आणि उघडायच्या आधीच मला आठवलं आत काय आहे ते.

एकच ओळ होती. मीच लिहिलेली, धाकटीने सुरू केलं त्याच आठवड्यात. आम्ही दोघी आमची रेकॉर्डिंगं बाबांसाठीच्या एकाच ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकतो. माझी ओळ दर पाच मिनिटांनी तिथे जायची, धाकटीचं काही नवीन आलंय का बघायची, असेल तर उतरवून घ्यायची, आणि मग तिच्या सगळ्या गोष्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून एकूण मिनिटं किती झाली ते एका कागदाएवढ्या फाइलमध्ये लिहायची. शेजारी माझी मिनिटं. तिच्या दोन-चार गोष्टी होत्या तेव्हा ते काम चुटकीसरशी व्हायचं आणि एखादीच कट् यायची. तिच्या गोष्टी वाढल्या तसं ते काम मिनिटभर चालायला लागलं, आणि तेवढा वेळ माझा म्हातारा कॉम्प्युटर माझी बादली उचलायला विसरायचा. कधी वीस मिनिटं स्वच्छ जायची ती बहुधा इंटरनेट बंद पडलेलं असताना, तेव्हा त्याला फोल्डरपर्यंत पोचताच यायचं नाही. एरवी मी वाचत असायचे आणि तो तिची मिनिटं मोजत असायचा.

पंप नाही, इन्व्हर्टर नाही, साउंड कार्ड नाही. बाबांनी आठव्या प्रकरणापासून जे ऐकलं होतं ते हेच होतं आणि त्यांनी त्याला अचूक नाव दिलं होतं. ती माझीच कटकट होती. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर लाजेच्या जोडीला, पुसायच्या आधी मी ती फाइल उघडून शेवटचे आकडे पाहूनही घेतले. मग ओळ पुसली.

बारावं प्रकरण मी पुढच्याच दुपारी वाचलं. सुरुवातीला गोळी, पाण्याचा तांब्या, शेवटी चार पावलं. पूर्ण ऐकलं. एक कट् नव्हती. ते पाठवलं नाही. दुचाकी काढली, पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि भर दुपारी अंबरनाथला गेले, धाकटी शाळेत असेल अशा बेताने.

बाबांनी स्पीकर लावला. गोळी घेतलीत का, असं स्पीकरमधली मी म्हणाले आणि त्यांनी खरोखरच उठून गोळी घेतली, मी समोर बसलेली असताना. मग डोळे मिटून ऐकलं. पाचाचा फेरा गेला, दहाचा गेला. बोट एकदाही वर आलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला दहावीचा निकाल हातात आल्यासारखं झालं होतं.

"गेली," ते म्हणाले. "काय होतं?"

"वायर सैल होती, बाबा."

"सैल वायरीची खरखर येते."

फिटर माणसाशी खोटं बोलायचं तर निदान खोटं तरी नीट निवडायला हवं होतं. मग मी म्हणाले की एक ओळ होती, माझ्याच हाताने लिहिलेली, ती दर पाच मिनिटांनी मध्ये यायची. आता काढून टाकली.

"काय करायची ती?"

"मोजायची."

काय मोजायची ते त्यांनी विचारलं नाही. तांब्यातलं पाणी प्यायले, तांब्या चाचपून जागेवर ठेवला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरबद्दल विचारावं इतक्या सहज म्हणाले, "धाकटीच्या गोष्टी किती झाल्या असतील गं आतापर्यंत?"

"एकसष्ट," मी म्हणाले. "काल संध्याकाळची धरून."

बाबांनी मान जराशी तिरकी केली. कारखान्यात चालू यंत्राला कान लावून उभे राहायचे तेव्हा अशीच करत असतील.

"आहे अजून," ते म्हणाले, आणि तेरावं कधी आणतेस म्हणून विचारलं.